कोळशाच्या पोत्यातला पुलर

भाऊजी,

पोळ्या डब्यात आहेत, पिठलं गरम करून घ्या. पण आधी हे वाचा.

पहाटे बंबासाठी कोळसा काढताना पोत्यात पुलर हाताला लागला. बॅटरीचं अडकलेलं टर्मिनल ओढून काढायचा, तुमच्या वर्कशॉपचा शिक्का असलेला, एक पाय तुटलेला. टूलरूममधून तो तुमच्याबरोबर काम करणाऱ्या सहादूभाऊंचा नंबराचा बिल्ला तारण ठेवून नेलेला आहे, म्हणून आज अकरा वाजता चोरीची चौकशी त्यांची आहे. बिल्ला त्यांनी कुणाला दिला होता, हे मला आत्ता कळलं.

काल नळावर त्यांच्या घरच्या शकुबाई म्हणाल्या, "आमचे हे तोंडच उघडत नाहीत. ज्यानं नेलाय तो आणून देईल, एवढंच घोकतात. नोकरी गेल्यावर आणून देणार का तो?" मी हंडा उचलून घरी आले.

मोडला म्हणून तुम्ही घाबरला असाल. तुटलेली बाजू मी भिंगातून पाहिली. पाऊण भाग जुन्या गंजाने काळा आहे, फक्त कडेचा पाव भाग चकचकीत आहे. म्हणजे भेग आधीचीच होती, तुमच्या हातून उरलेलं तेवढं तुटलं. साहेबांना हेच दाखवा. रॉकेलने पुसू नका, घासू तर मुळीच नका.

पुलर आणि भिंग टेबलावर आहेत. तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.

शकुबाईंना मात्र शाळेत जाताजाता सांगते आहे, की पुलर सापडला आणि तो घेऊन तुम्ही स्वतः चौकशीला येत आहात.

वहिनी