दोन्ही बाह्या डाव्या

प्रिय आई,

परवा फोनवर मी बरी आहे म्हणाले, ते खोटं होतं. पायांखाली उशी घेऊन पडल्या पडल्या तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते. मला दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी सोनोग्राफीत दोन जीव दिसले. तुझ्या जावयांना जहाजावर फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आपल्या खोलीत दोन पाळणे ठेवले तर आपण जिन्यात झोपायचं. तुला तीन महिने झाल्यावरच कळवायचं ठरवलं होतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळ्या गल्लीला कळलं असतं.

सोमवारी कारखान्यात लहान मुलांचे सदरे कापत होते. कापड अपुरं, म्हणून दुहेरी घडी न घालता एकेरीच कापायचं होतं. अशा वेळी दुसऱ्या बाहीला नमुना उलटा ठेवायचा, हे मी झोपेतही विसरणार नाही. मध्येच ओटीपोटात कळ आली आणि ओलं लागलं. संडासात जाऊन पाहिलं, रक्तच होतं. परत येऊन मुकाट्यानं कात्री उचलली, कारण हातांना दुसरं काही सुचेना. टाचणी पडली तरी खेकसणाऱ्या मास्तरांनी गठ्ठा उलगडला. सगळ्या बाह्या डाव्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली.

पुन्हा सोनोग्राफी केली. एका बाळाच्या पिशवीत ठोका छान लागतोय, दुसऱ्याच्या दिसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आताच नक्की सांगता येत नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू. रक्त आता थांबत आलंय. दिवसभर पडून असते आणि जे दिसत नाही त्याच्याशीच जास्त बोलते. मग दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्याचीही समजूत काढते. हे म्हणाले, शेजारीण म्हणाली, नर्ससुद्धा म्हणाली, "एक तर आहे ना." खरंच आहे, त्यामुळे पुढे काही बोलताच येत नाही. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

काल न राहवून मावशीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या वेळी तुझ्या आईलाही दोन होती." तिसऱ्या महिन्यात एक गेलं आणि तुलाही घरातल्या सगळ्यांनी हेच ऐकवलं म्हणे, एक तर आहे ना. ते एक म्हणजे मी. दर वाढदिवसाला मला ओवाळून झालं की तू भांडी घासायला निघून जायचीस, मला वाटायचं दमली असेल. माझ्यासमोर रडायला नको म्हणून एकतीस वर्षं तोंड मिटून राहिलीस. फोनवर मी पुन्हा बरीच आहे म्हणेन, म्हणून हे लिहून मास्तरांच्या हाती पाठवतेय, ते उद्या तुमच्याकडे माल पोचवायला येताहेत. गुरुवारच्या आत ये. काही समजूत घालू नकोस, फक्त माझ्याजवळ बस. आपण दोघींनी आपापल्या न आलेल्यासाठी एकदा मनसोक्त रडून घेऊ.

तुझीच,
उरलेली