न्यायसभेचा जल्लाद

पुएब्ला, १९ फेब्रुवारी १९८७

प्रिय फाबियान,

या पत्राचे तीन मसुदे मी फाडले आहेत. पहिल्यात राग होता, दुसऱ्यात उपदेश होता आणि तिसरा इतका निर्दोष उतरला होता की तो कोणाच्याही मुलाला पाठवता आला असता. हा चौथा आहे आणि तो मी पुन्हा वाचणार नाही. ज्या माणसाने तीस वर्षे नोटरीच्या कचेरीत इतरांच्या खरेदीखतांतील स्वल्पविराम तपासले, त्याला हे किती जड जाते ते तू जाणतोस. आठ तारखेच्या त्या रविवारला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी कामावर गेलो, वेळेवर जेवलो, दाढी केली. पण माझ्या आत कोणीतरी अजूनही रिंगणाच्या मधोमध उभा आहे आणि त्याच्या हातात एक रिकामा मुखवटा आहे.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा आमची मुखवटेधारी मल्लांची टोळी, न्यायसभा, जन्माला आली, आपिसाकोच्या पत्र्याच्या आखाड्यात. तेव्हा कुस्तीतली दुष्ट मंडळी म्हणजे आरडाओरडा करणारे, खुर्च्या फेकणारे गावगुंड असत. मला त्यांची किळस होती. दुष्टपणालाही शिस्त हवी, असे माझे मत होते आणि आजही आहे. म्हणून मी काळ्या झग्यात, मुखवटा घालून, वकील म्हणून उतरलो आणि कुस्तीआधी प्रतिस्पर्ध्यावरचे आरोपपत्र मोठ्याने वाचू लागलो: याने जिंकल्यावर लोकांकडे पाहून डोळा मारला, याने गेल्या सोमवारी पायपेच चुकीचा लावला. कारकून आधी दुसरा होता, पुढे हिलारियो झाला. तो गुन्हे वहीत नोंदवी. आणि मेलितोन झाला जल्लाद. जल्लादाने कधी एक शब्दही बोलायचा नाही, हा माझा नियम. डोळ्यांवर जाळी, हातांत मोजे, आणि त्याचा तो ‘फास’ हा पेच, ज्यातून कोणी सुटले नाही. दोन वर्षांत आम्ही ओरिसाबापासून तेवाकानपर्यंतचे सारे आखाडे जिंकले. लोक आमचा इतका मनापासून द्वेष करीत की तिकिटे दुपारीच संपत. पहिल्या रांगेतली ती भाजीवाली दोन्या चेंचा आठवते? मी आरोपपत्र उघडले की ती संत्र्याची साल नेम धरून मारी आणि ओरडे, “अरे वकिला, तुझ्या आईनं तुला बारशालाच जन्मठेप द्यायला हवी होती!” मी चष्मा पुसल्याचा आव आणून उत्तर देई, “बाईंची हरकत नोंदवून घ्या, कारकून.” आणि अख्खा आखाडा हसता हसता शिव्या देई. आज मंडईत पोरे आमचे मुखवटे घालून एकमेकांना ‘दोषी, दोषी’ म्हणत पाडतात. प्रत्येक गावात दोन-चार भाडोत्री न्यायाधीश रिंगणात उतरतात, त्यांचे झगे ढगळ आणि भाषा अशुद्ध. माझा वारसा म्हणजे हा.

लोक विचारत, हे सगळे खरे असते का? हाड मोडते तेव्हा ते खरेच मोडते, एवढेच मी सांगत आलो. पण एक गोष्ट आमच्यासाठी हाडाहून खरी होती: मुखवटा. इतर मल्ल कपडे बदलायच्या खोलीत तरी तो काढत. मी तेवढीही सूट दिली नाही. सत्तर साली मी फर्मान काढले की न्यायसभेच्या माणसाने दुसऱ्याचा चेहरा पाहायचा नाही. खोलीत नाही, गाडीत नाही, लग्नात नाही, मयतीतही नाही. कार्यक्रमाची तारीख पोस्टकार्डाने कळे. प्रत्येकाने मुखवटा घालूनच यायचे, घालूनच जायचे. त्याच वर्षी आमच्या त्या पहिल्या कारकुनाने खोलीत हसताना मुखवटा हनुवटीपर्यंत वर केला. मी त्याच दिवशी त्याच्या जागी हिलारियोला घेतले. या नियमाचा मला गर्व होता. मेलितोनचा चेहरा मी सतरा वर्षे पाहिला नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

आता त्या रविवारबद्दल. अट मीच मान्य केली होती. दोन जोड्या लढतील आणि हरलेल्या जोडीतले दोघे लगेच एकमेकांशी मुखवटा पणाला लावून लढतील, ही अट आमचा प्रतिस्पर्धी मल्ल सोनेरी बगळा याच्या माणसांनी घातली तेव्हा हिलारियो म्हणाला, “वकीलसाहेब, सही करू नका. वय बघा तुमचं.” मी म्हणालो, “अकरा वर्षांत आपण या आखाड्यात हरलेलो नाही, तेव्हा हरलेल्यांचे काय होईल याची चिंता हरणाऱ्यांनी करावी.” हे वाक्य मला फार आवडले होते. संध्याकाळी पाचला मी आणि जल्लाद उतरलो आणि पंचविसाव्या मिनिटाला बगळ्याने माझेच खांदे टेकवले. जल्लादाचे नव्हे, माझे. डावा गुडघा वळला, मी पडलो, पंचाने तीन मोजले. पाच हजार माणसे उभी राहिली आणि दोन्या चेंचाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, “बघा, बघा, कोर्टातच भांडण लागलं! वकिला, आता तुझी बाजू कोण मांडणार रे?”

मी मेलितोनशी लढतो आहे, असे मला वाटत होते. एकोणीस वर्षांपासूनच्या सोबत्याशी. मला त्याची कीव आली नाही. मी त्याच्या चुका मोजत होतो, कारण माझ्या डोळ्यांना दुसरे काम येत नाही. आणि चुका सापडेनात. मग त्याने मला फासात घेतले. माझा स्वतःचा शोध असलेला तो पेच मी आयुष्यात प्रथमच आतून पाहिला, आणि तो परिपूर्ण होता. श्वास कोंडला. हार मानण्यासाठी मी हात वर करणार, तेवढ्यात पकड दोन बोटे सैल झाली. केवळ दोन बोटे. मी निसटलो, त्याला गुंडाळले, पंचाने तीन मोजले. आणि तुला सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले: तिरस्कार. म्हातारा झाला मेलितोन, हातातले काम पुरे करीत नाही, असे मी मनात म्हणालो आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या मुखवट्याची नाडी सोडू लागलो.

मुखवटा निघाला आणि समोर तू होतास.

फाबियान, मी शब्दांचा माणूस आहे. पण त्या क्षणासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही. तुझे केस घामाने कपाळाला चिकटले होते. निवेदकाने ध्वनिक्षेपक पुढे केला आणि हरलेल्याला जे सांगावे लागते ते तू सांगितलेस: नाव फाबियान ओल्वेरा रेन्दोन, गाव आपिसाको, कुस्तीत एक वर्ष दोन महिने. क्षणभर कोणाला काही कळेना. मग कोणीतरी ओरडले, “अरे, हा तर पोरगा! आमचा म्हातारा जल्लाद कुठं गेला?” हशा पिकला, शिट्ट्या झाल्या. त्या पाच हजारांत ओल्वेरा हे आडनाव माझेही आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या तोंडावर मुखवटा होता. तू मात्र माझ्याकडे पाहत होतास. मी काय केले? मी तुझा मुखवटा उंच धरला, चारही बाजूंना वळून दाखवला, अगदी नियमाने, आणि पाठ फिरवली. मी पायऱ्या उतरताना तू हलकेच म्हणालास, “गुडघ्याला बर्फ लावा, बाबा.” एकोणीस वर्षांत इतके सुबक विजयप्रदर्शन मी केले नव्हते. त्याची मला आता किळस येते.

नंतर जे कळले ते कळायला मला तीन दिवस लागले आणि इतरांना मात्र ते आधीपासून ठाऊक होते. मेलितोनच्या एका डोळ्याचा पडदा पंच्याऐंशीच्या पावसाळ्यातच सुटला होता, डिसेंबरात दुसऱ्याचा. त्याने ते मला सांगितले नाही, कारण मी त्याला त्याच दिवशी काढून टाकले असते. हिलारियोकडून कळलेले त्याचे हे म्हणणे खरे आहे. मी काढले असते. त्याने मुखवटा तुझ्या हातात दिला आणि उवामान्तलातल्या आपल्या परसात, काहीच दिसत नसताना, नुसता तुझ्या पडण्याचा आवाज ऐकून तुला फास शिकवला. हिलारियोला दुसऱ्या आठवड्यातच कळले. मी त्याची गचांडी धरली तेव्हा तो म्हणाला, “अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! पोराला चोरून पुढं आणताय म्हणून मी तर मनात तुमचं कौतुक करत होतो, वकीलसाहेब.” आणि तुझी आई! एकोणीस वर्षे आमचे मुखवटे शिवणारी रेमेदियोस. मी विचारले तेव्हा तिने सुईवरून डोळेही उचलले नाहीत. “जल्लादाचं डोकं एका वर्षात दोन बोटं लहान झालं,” ती म्हणाली, “माप घेतलं तेव्हाच कळलं. माझ्या हातांनी न्हाऊ घातलेलं डोकं ते. तुम्हाला चुका तेवढ्या दिसतात हो, माणूस दिसत नाही.”

मला खुणा दिसल्या नाहीत असे नाही. जल्लाद तीन किलोंनी हलका झाला. मी समजलो, पुल्केची दारू सोडली. एकदा मी न मागताच त्याने माझ्यापुढे पट्टी धरली, डाव्या गुडघ्यासाठी, जो गुडघा मी घराबाहेर कधी लंगडू दिला नाही. मी ती घेतली आणि आभारही मानले नाहीत. मुखवट्याचा मान राखण्याच्या नादात मी मुखवट्याआडचा प्रश्नच विचारणे सोडले होते. आणि गेल्या एप्रिलमध्ये, चोलुलाच्या कुस्तीनंतर, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, “मेलितोन, इतक्या वर्षांत तू असा कधी पडला नव्हतास. पडावे कसे हे पोरांना दाखवायला हवे तुला पाहून.” जल्लाद उठता उठता पुन्हा बाकावर बसला. तेव्हा मला वाटले, दमला असेल.

ते वाक्य मी कोणाला म्हणालो होतो, हे आता मला कळते आहे. तीन वर्षांपूर्वी कुस्तीच्या परवान्याच्या परीक्षेत बाकीच्या दोन परीक्षकांनी तुला सात-सात गुण दिले. वकिलाच्या मुखवट्यात मुख्य परीक्षक म्हणून बसलेल्या मी चार दिले आणि शेरा लिहिला, ‘मागे पडताना हनुवटी छातीला लागत नाही, उमेदवार या व्यवसायास अपात्र.’ मुख्य परीक्षकाचा शेरा अखेरचा असतो. घरी येताना बसमध्ये तू विचारलेस, “बाबा, एकदाही बरा नाही पडलो?” मी खिडकीबाहेर पाहत होतो. मी म्हणालो, “बरे पडणे आणि पडणे यांत फरक असतो.” हे वाक्यही मला आवडले होते.

आता मी हे का लिहितो आहे ते सांगतो. काल परवाना मंडळाचे चिटणीस कचेरीत आले. विनापरवाना आणि दुसऱ्याच्या मुखवट्यात चौदा महिने लढल्याबद्दल तुझी चौकशी मंगळवारी अकराला आहे. शिक्षा आजन्म बंदीची असते. फसवणूक न्यायसभेची झाली, तेव्हा वकिलाने तक्रारीवर सही केली की काम संपले, असे ते म्हणाले. मुखवट्यातले वकील म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नाही. त्या वकिलाची कागदपत्रे आमच्या कचेरीत येतात एवढेच ठाऊक आहे. तक्रार मी सही न करता परत पाठवली. तुझे चौदा महिन्यांचे काम पायरीपायरीने, अगदी जवळून पाहिलेला साक्षीदार एकच आहे, आणि मुखवटा घालून साक्ष देता येत नाही. तेव्हा मंगळवारी मी उघड्या चेहऱ्याने त्या खोलीत जाईन. तीन कारकून, एक टंकलेखिका आणि कोणाचीही शिटी नाही. चौऱ्याऐंशीचा माझा शेरा चुकीचा होता असे मी लेखी देईन आणि त्यानंतर तुझी जी फेरपरीक्षा व्हावी अशी मी मागणी करीन, तिच्या परीक्षकांत मी नसेन. फास सैल केलास तो माझ्यासाठी, हे मी त्यांना सांगणार नाही. ते तुझे आहे. मेलितोनला घेऊन ये, त्याच्याशी मला बोलायचे आहे. तू माझ्याशी बोललेच पाहिजेस असे नाही. पण वेळेवर ये. साक्षीच्या कागदावर एक रकाना असतो: आरोपीशी नाते. त्या रविवारी पाच हजार माणसांसमोर मी तो कोरा ठेवला. मंगळवारी भरणार आहे.

तुझाच,
लेओबार्दो ओल्वेरा