कुलूप निघालं, दार नाही

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं सांग. मागच्या पत्रात "बरे आहेत" लिहिलं होतंस, पण अक्षर दुखणाईत माणसाचं होतं.) आम्ही देवदयेने ठीक आहोत, माझा डावा अंगठा वगळता. त्याबद्दलही मी देवाचे आभार मानलेले आहेत. कसे, ते सांगतो.

झालं असं, की आमच्या पाळकांनी मंडळीला सांगितलं, चाळीस दिवस कुरकुर बंद. उगवेल तो दिवस देवाच्या हातून घ्यायचा आणि त्यात जे असेल त्याबद्दल आभार मानायचे. हे सांगताना ते सगळ्यांकडे बघत होते असं त्यांचं म्हणणं, फक्त माझ्याकडे बघत होते असं तुझ्या भावजयीचं. मग मीही हट्टाला पेटलो. सोमवारी अंगठ्यावर हातोडी बसली. "प्रभू, तुझे आभार!" असं मी इतक्या मोठ्यांदा ओरडलो, की दुकानात किल्ली करायला आलेलं गिऱ्हाईक किल्ली न घेताच निघून गेलं. मंगळवारी स्वयंपाकघरातला नळ तुटला. मी घोटाभर पाण्यात उभं राहून डोळे मिटले आणि पाण्याच्या देणगीबद्दल प्रार्थना सुरू केली. (प्रार्थना जरा लांबली, कबूल आहे.) आमेन म्हणेपर्यंत पाणी बाहेरच्या खोलीत पोचलं होतं. "देवानं बादलीसुद्धा दिलीय," तुझी भावजय म्हणाली. तिने कुरकुर न करण्याचा नेम घेतलेला नव्हता.

बुधवारी तिनेच निरोप दिला, की चर्चमागच्या सामानाच्या खोलीचं कुलूप अडकतंय, जाऊन बघ. हत्यारांची पिशवी घेऊन आत शिरलो, तर समोर ऑर्गनमास्तर, जुन्या गीतांच्या पानांत नाक खुपसून बसलेला. मी मागे वळणार, तोच दार धाडकन लागलं.

ताई, त्याचं नाव काढलं की तुझं डोकं तापतं, आणि ते मीच तापवून ठेवलंय. सहा वर्षांपूर्वी तू आजारपणामुळे बाबांच्या मातीला येऊ शकली नव्हतीस, तेव्हा मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं: आम्ही बाबांना खांदा दिला आणि या गृहस्थाने नवरी चर्चमध्ये येते तेव्हाची चाल वाजवली! बाबांनीच ज्याला बोट धरून वाजवायला शिकवलं त्याने! त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही, आणि माझ्याखातर तूही नाही.

तर दार. मी ढकललं, लाथ मारली, शेवटी कुलूपच खोललं. माझ्या धंद्याची इभ्रत होती. पाऊण तासाने कुलूप निघालं, दार नाही. सुटे भाग मांडीवर घेऊन मी खाली बसलो. त्या दिवसात जे असेल त्याबद्दल आभार मानायचे होते, आणि त्या दिवसात ऑर्गनमास्तरशिवाय काहीही नव्हतं. मी दात आवळून म्हणालो, "प्रभू, या... बंधूबद्दल आभार."

तो रडायलाच लागला.

"अरे, मला पानं दिसतच नाहीत," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हापासूनच धूसर व्हायला लागलं होतं. त्या दिवशी डोळ्यांत पाणी, हातात भलतंच पान. दोन ओळी वाजवल्यावर कळलं, पण थांबलो असतो तर तुमची पावलं अडखळली असती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऑर्गन काढून घेतला असता. गेली चार वर्षं सगळं पाठ वाजवतोय."

मी मांडीवरचे सुटे भाग पिशवीत भरायला लागलो. मग तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही चालला होतात मात्र अगदी तालात."

ताई, मला हसू फुटलं. बाबा त्या शवपेटीत असते ना, म्हणजे होतेच, पण जिवंत असते, तर पहिले तेच हसले असते. आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि त्यात मी कधी रडायला लागलो ते कळलं नाही. सहा वर्षांत बाबांसाठी मी रडलोच नव्हतो, नुसता रागावलो होतो. त्या क्षणी मी देवाचे आभार मानले, ते कुणाला ऐकू जाण्याइतके मोठ्याने नाही.

एवढ्यात दार उघडलं. बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशी, दाराला लावलेलं भलंमोठं बाकडं बाजूला सारत उभ्या. "बाईंनी सांगितलं होतं, आत हसल्याचा आवाज आला की काढ."

बाई म्हणजे तुझी भावजय. तिच्याबद्दलही मी आभार मानले, पण मनातल्या मनात. तिला कळलं तर ती मला रोज कुठेतरी कोंडेल.

तुझा,
(अजून छत्तीस दिवस कुरकुर न करणारा) धाकटा

ता. क. तुझ्या घराजवळ डोळ्यांचं चांगलं इस्पितळ आहे ना? मास्तरचा मोतीबिंदू पिकलाय, आणि त्याला स्वतःचं असं कुणी नाही. ऑपरेशनसाठी दोन आठवडे तुझ्याकडे राहील. ते चार पानी पत्र तेवढं फाडून टाक. चूक माझी होती.

ता. क. दुसरा. टपालाला वेळ नव्हता, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती दिलंय. तू त्याला ओळखलंच असशील, आणि मी तुला ओळखतो, त्यामुळे पत्र घेऊन दार लावूनही घेतलं असशील. उघड, ताई. त्याला पायऱ्या नीट दिसत नाहीत.