दानातली सायकल

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार

मिळाली! देवास गेटला भय्यासाहेबांच्या दुकानात मागच्या भिंतीला टांगलेली होती. काळी रेसिंग सायकल, खाली वळलेलं हँडल. भय्यासाहेब म्हणाले, "सुहास, सेकंडहँड आहे, पण माल एक नंबर. फ्रेम बघ, एकदम सरळ." एका हाताने उचलली — इतकी हलकी. कुणाची होती विचारलं तर म्हणाले, "घाटावरनं आली रे, काळा रंग मी मारला. तुला आम खायचे की झाडं मोजायची?"

ऑफिसात सगळे मोटरसायकली बुक करतायत आणि मी इंदूरहून गिअर मागवतोय. हसू देत लेकाचे. श्रावणात दादा गेला, तेव्हापासून मला कशाचीच इच्छा नव्हती. आज पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं.

१९ नोव्हेंबर

गिअर आले, बसवले. मागचं चाक बदललं, ब्रेकच्या केबली नव्या घातल्या. चेन अजून मधल्या दातऱ्यावरून उडते, स्क्रू पाव फेरा कसून बघायला हवा.

सकाळी मक्सी रोडला चाचणी घेऊन आलो. फाटकातून सायकल ढकलत आत आणली, फ्रीव्हील कट-कट वाजत होतं. आणि माई बाहेर आली!

दादा गेल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. बाबा चमच्याने पेज भरवतात, तीही अर्धी तोंडातून बाहेर. आज भिंतीला धरधरून स्वतः ओट्यापर्यंत आली. म्हणाली, "विकू, किती वेळ रे! घामाने भिजलायस नुसता."

मी म्हणालो, "माई, मी सुहास." तिने ऐकलंच नाही. पदराने माझी मान पुसली. दादाची पुसायची तशीच. मागे बाबा हातानेच खुणावत होते, गप्प राहा, गप्प राहा.

मग ती दोन पोळ्या जेवली. बाबा स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले.

२६ नोव्हेंबर

हात न धुताच लिहायला बसलोय. अक्षर असंच येईल.

काळा रंग मला आवडत नव्हता म्हणून पॉलिशपेपर घेऊन घासायला बसलो. खालून निळा निघाला. खालच्या नळीवर पुट्टीने बुजवलेली दोन भोकं निघाली. बाटलीचा स्टँड बसवायला पाडलेली. एक सरळ, एक तिरकं. तिरकं भोक पाडताना ड्रिल मीच धरलं होतं आणि दादाने मला शिव्या दिल्या होत्या.

ही दादाची सायकल आहे.

तेराव्याला दानात गुरुजींना दिली होती. लोक चपला, छत्री, गादी देतात. माई त्या दिवशी हट्टाला पेटली होती, "माझ्या विकूला तिथे सायकलच पोचली पाहिजे." यज्ञेश्वर गुरुजींनी संकल्प सांगितला आणि मी पाणी सोडलं. बाबांच्याने होत नव्हतं. दिलेलं घरात परत आणायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी पैसे मोजून ती परत आणली.

त्याला पोचली होती का? पोचली असेल तर आता तो तिथे पायी हिंडतोय का?

फालतू विचार. झोपतो.

२७ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. त्यांनी माईच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवतेय ना ती? मग चालू दे."

३ डिसेंबर

सीटचं काय लफडं आहे कळत नाही. दादा माझ्यापेक्षा चांगला उंच होता. मी सीट माझ्या मापाने खाली बसवतो, नट पान्याने करकचून आवळतो. सकाळी पाहतो तर सीट वर. त्याच्या मापावर. बाबा पान्याला हात लावत नाहीत. माईच्या हाताच्या काड्या झाल्यात, तिच्याने तो नट हलणार नाही.

बाबांना विचारलं. "तूच विसरला असशील." बरं. मीच विसरलो असेन.

१० डिसेंबर

आज हिंमत केली. सायकल रामघाटावर गुरुजींकडे नेली. म्हटलं, चूक झाली, परत घ्या.

गुरुजी माझ्या मुंजीपासूनचे. जानवं बोटाला गुंडाळत सायकलकडे बघत राहिले, हात काही लावला नाही. "मला रोकड लागत होती म्हणून मी विकली, हे माझं पाप. पण तू ती उंबऱ्याच्या आत नेलीस. आता मला घेता येत नाही, सुहास." मग हळूच विचारलं, "घरात कुणी हाक मारून आत घेतली का?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

सायकल तिथेच एका देवळाच्या भिंतीला टेकवली आणि चालत घरी आलो.

१२ डिसेंबर

माईने तोंडात पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. दाराकडे डोळे लावून पडलीय. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावू, पण हिला जगायचंच नाही तर मी काय करू?

संध्याकाळी बाबाच घाटावर गेले. सायकल तिथेच होती. दोन दिवस रामघाटावर बेवारस पडलेली सायकल कुणी नेली नाही! चपला सुद्धा राहत नाहीत तिथे.

बाबांना चालवता येत नाही, ढकलत आणली. फाटकात फ्रीव्हील वाजलं आणि माई उठून बसली.

८ जानेवारी १९९६

लिहायला लाज वाटते, पण मजा येतेय. आज सांवेरपर्यंत जाऊन आलो. धुकं होतं, हात गारठलेले, आणि पाय असे फिरत होते की माझे नाहीतच. चढावर मी नेहमी धापा टाकतो. आज गिअर उतरवावाच लागला नाही. दादा म्हणायचा तसं झालं, रस्ताच खेचून नेतो.

परतताना लक्षात आलं, सकाळी सीट खाली करायची राहूनच गेली होती. पाय पुरत होते.

२५ जानेवारी

शेजारच्या उषाकाकू फाटकाशी थांबवून म्हणाल्या, "अरे, काल हळदीकुंकवाला तुझ्या माई काय बोलत होत्या! म्हणे धाकटा गेला आमचा, ताप डोक्यात गेला. मोठा आहे म्हणून निभावलं. ऐकून आम्ही बायका तर गारच पडलो." मग माझ्याकडे बघत राहिल्या, मी आहे की नाही याची खात्री करत असल्यासारख्या.

मी हसून म्हणालो, काकू, तब्येत बरी नाही तिची.

१६ मार्च

माझे कपडे खुंटीवर नाहीत. माईने बांधून माळ्यावर टाकलेत. "धाकट्याचं डोळ्यासमोर नको," असं बाबांना म्हणाली. खुंटीवर दादाचे शर्ट, कडक इस्त्रीचे. बाबा म्हणाले, "घाल रे. शर्टच आहे." घातला. बाह्या आखूड करायला लागतील असं वाटलं होतं. नाही लागल्या.

माई आता पुरणपोळी करते. गाल भरलेत. देवळात जाते. मी हिच्यासाठी दुसरं काय केलं असतं?

२ जून

आज भय्यासाहेबांकडे ब्रेकचे रबर घ्यायला गेलो. काउंटरवरून म्हणाले, "काय विक्रांत, बऱ्याच दिवसांनी!" मग जीभ चावली. "माफ कर रे सुहास, चेहरा अगदी..."

मी ओ दिली होती. त्यांनी चूक सुधारायच्या आधीच.

मला भीती वाटतेय. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. दादा, तुला तुझी सायकल हवी असेल तर ने. पण मी कुठे राहू?

२० ऑगस्ट

शनिवारी दादाचं वर्षश्राद्ध. गुरुजी घरी येणार, मीच बसायचं. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, आता पुरे. गुरुजी नाव विचारतील, मी मोठ्याने विक्रांत म्हणेन. माई दारातच असेल. ऐकेल, रडेल, पण तिला कळेल कोण गेलं ते. मग सायकल क्षिप्रेत सोडून देऊ.

बाबा म्हणाले, "आणि पुन्हा अंथरूण धरलं तर? या वेळी नाही उठायची ती." मी म्हणालो, मी पण तुमचाच मुलगा आहे. मी ठरवलंय. नाव घेणार.

२४ ऑगस्ट, शनिवार

गुरुजींनी विचारलं, कुणाच्या नावाने? माई दारात उभी होती, नवं लुगडं नेसून, माझ्याकडे बघत. किती बरी दिसत होती.

मी म्हणालो, सुहास. आणि पाणी सोडलं.