लाल ठिपका दिसेना

३ नोव्हेंबर
निश्चय: यंदा लोणावळ्याची क्लब मॅच मीच मारणार. गेल्या वर्षी पाचवा आलो तो पिस्तुलाच्या नेम धरायच्या जुन्या साइटमुळे. यंदापासून रेड डॉट चालतो. काचेत लाल ठिपका दिसतो, तो टार्गेटवर ठेवायचा, ट्रिगर दाबायचा. संपलं. राजेश्वरी म्हणाली, आधी शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलेली डोळ्यांची तपासणी करा. बायकोला नेमबाजीतलं काय कळतं!

७ नोव्हेंबर
रेड डॉट आला. एअर पिस्तुलावर स्वतः बसवला. दोन स्क्रू फरशीवर पडले, सापडेनात. हल्ली फारच बारीक बनवतात. राजेश्वरीला उभ्या उभ्या सापडले.

९ नोव्हेंबर, सकाळी ८
नेमबाजीच्या रेंजवर गेलो. ठिपका दिसेना. सेल बदलला. तरी तेच. कडेला काहीतरी लाल चमकतं, नीट बघायला जावं तर गायब. माल भिकार. इंदुरीचा हौशीराम म्हणाला, "आबा, लय दिस झालं सांगतोय, डोळं दाखवा की." ह्याला पिस्तूल धरायला मी शिकवलं. जळतो.

१२ नोव्हेंबर
रेंजवरच्या फकरुद्दीनभाईंनी साइट काढून पुन्हा बसवली. पाच छर्रे मारून बघितले, पाचही शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत. म्हणाले, साइट झकास आहे. म्हणजे त्यांच्या हाताला. मी पकड बदलणार.
राजेश्वरीनं हल्ली टिकली लावणं सोडलंय. पूर्वी मोठी लाल लावायची. विचारलं नाही. माझ्यावर रागावली असेल. मॅच झाली की टिकल्यांचं पाकीट आणून देईन.

२३ नोव्हेंबर
मॅच. दहापैकी सहा छर्रे कागदाबाहेर. दोन हौशीरामच्या टार्गेटवर. टार्गेटचा मधला काळा गोल फिका छापला होता. सेक्रेटरींना तसं ठणकावलं. ते टार्गेटचे कागद गोळा करत राहिले. हौशीराम तरी भांडेल असं वाटलं होतं. त्यानं माझी बॅग रिक्षापर्यंत आणून दिली. "उद्या मी येतो तुमच्यासंगं, डाक्टरकडं," म्हणाला. फार वाईट वाटलं.
येताना टिकल्यांचं पाकीट घेतलं.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी
राजेश्वरीला गॅलरीत बसवून साइट हातात दिली. बिघडली आहे हे तिनंच सांगावं. ती म्हणाली, "दिसतोय की हो. गोल, लालभडक. माझ्या टिकलीसारखा."
म्हटलं, टिकली तू लावतेस कुठे? आणि पाकीट पुढे केलं.
माझं बोट धरून तिनं स्वतःच्या कपाळावर ठेवलं. टिकली होती. रोजच असते, म्हणाली.
पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. मग साइट बंद करायला घेतली. बटण दाबलं. बंद झाली का ते कळेना, म्हणून तिला विचारलं.
चालूच आहे, म्हणाली.