बेलारचं झाड

वरची वस्ती, लोनकिमाय
१२ एप्रिल

प्रिय बेलार,

खुशाल असशील. मीही बरी आहे, गुडघे सोडले तर. पत्ता शहरातून आलेल्या लुसीकडून मिळवला. पाच वर्षांत तुला दोन ओळी खरडता आल्या नाहीत. बकऱ्या धडधाकट आहेत, हिवाळा जवळ आलाय, बर्फ यंदा लवकर येईलसं दिसतं, आणि एउलोखिओकाकांची बडबड अजून तशीच.

तुझं झाड आठवतं? तू जन्मलास तेव्हा आईने नाळेवर लावलेलं पेवेन. "तीस वर्षांत ना फळ ना फूल, सरपण तरी होऊ दे," म्हणत तू कुऱ्हाड उचललीस. आई आडवी आली, आणि तू रागारागाने शहर गाठलंस.

तर ऐक, ते नर निघालं! गेल्या वर्षी जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी वारा सुटला आणि फांद्यांतून पिवळा धूर निघाला. मला वाटलं वणवा, बादली घेऊन धावले. धूर कसला, पराग! जुन्या वणव्यात सगळे नर जळाले तेव्हापासून डोंगरावरच्या माद्या पोकळ बिया टाकत होत्या. आईची काळी शाल पिवळी झाली. ती हसून म्हणाली, "उशिरा का होईना, पोरगा कामाला लागला."

पोकळ बियांच्या त्या झाडांपुढेही ती दर वर्षी बिया वेचण्याआधी झाडांची परवानगी मागायची. काका चिडवायचे, "रिकाम्या घराचं दार कशाला ठोठावतेस, बाई?"

परवा फळं फुटली. खाली पडलेल्या बियांतला एक पिन्योन मी दाताने फोडला. आत गर होता. दुसरा फोडला, तोही भरलेला. वर पाहिलं तर ती शेकडो वर्षांची झाडं शांत उभी, आणि त्यांच्याखाली मी रडतेय. काकांनी टोपी काढली. "माग की गं परवानगी," एवढंच म्हणाले. मग मी मागितली.

मी मागितली, बेलार. आई गेल्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात गेली, बर्फाने वाट बंद होती तेव्हा. हे पहिल्या ओळीत लिहायला हात धजला नाही.

पाकिटात एक पिन्योन आहे. उकडून खाल्लास तर याद राख. शहरात तो रुजायचा नाही, बर्फाआधी घेऊन ये. आईच्या थडग्याच्या उशाशी तो तुझ्याच हाताने लागायला हवा. नर की मादी, हे कळायला कदाचित आपण दोघंही नसू. तरी लावायचा.

तुझ्या झाडाखाली बसलेली,
हर्मिन्दाताई