साण्यावरचं पोतं

४ मे १९५८, लोणखेडा
उद्याच्या सभेची सुरुवात ठरली. "धाब्यावर खारी माती टाकणाऱ्या माझ्या बहिणींनो, भावांनो! दुसऱ्याच्या घरात पाणी गळू नये म्हणून तुम्ही भर उन्हात मातीच्या पाट्या वाहता. तुमच्या पायाखाली काय आहे, हे सांगायची मात्र कुणाला फुरसत नाही!"

कारण खारीच्या टोळीतली रुखमा. परवा पडली. धाब्याला, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपराला, उजेडासाठी, धुरासाठी भोक असतं, ते साणं. खाली चुलीवर माती सांडू नये म्हणून घरच्यांनी त्यावर पोतं अंथरलं. खारी पोत्यावरही पसरली गेली. सगळं धाबं एकसारखं पांढरं. रुखमा पाटी घेऊन चालत आली ती थेट चुलीपाशी. मांडी मोडली. दरवर्षी कुणीतरी पडतं, दरवर्षी नशिबाला बोल. नशीब कसलं? पोतं! (हे घ्यायचंच.)

६ मे
कालची सभा रंगली. मारुतीसमोर जागा पुरेना. टाळ्या. आवाज बसलाय.
शेवटी धनजी मुकादम उठला. खारीची टोळी तोच नेतो. सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरजी, बोलनात झकास. पन डोकावर पाटी लई धाबावर कधी चढनात का?"
"नाही."
"मंग शिकाडशात काय? भाषनवर चालाले?"
हशा. माझी कानशिलं तापली. इतकी पुस्तकं वाचली, पण धाब्यावर पाय कसा टाकायचा ते एकातही नाही.
आज सकाळी रुखमाची जाऊ सखू, तीही टोळीतलीच, दारात. "गुरजी, तुमनं धाबं द्या. मी शिकाडस."
मी उडालोच! हे मला का सुचलं नाही?

८ मे
वर्ग! माझ्या धाब्यावर! ऊन चढायच्या आत अकरा बायका, चार बापे हजर. प्रस्तावना मी केली. रंगात आलो, हातवारे, मागे सरत सरत... सखूनं धोतर धरून ओढलं.
"तोंड चाली ऱ्हायनं तुमनं, पाय कोठे जाई ऱ्हायनात ते देखा!"
टाच धाब्याच्या कडेवर होती. खाली गोठा. अंगणातून सौ.नं सगळं पाहिलं.
मग मी खाली बसलो आणि सखू बोलली. ओल्या खारीवर पाय उमटू नये म्हणून सगळे मागे मागे सरत माती पसरतात आणि तसेच कडेवरून जातात. तिनं कडेची खारी आधी घ्यायला लावली, तीही बसून. काम शिडीपाशी येऊन संपलं पाहिजे. चढण्याआधी घरात जाऊन खालून साणी मोजायची, आकडा मोठ्यानं ओरडायचा. साण्याभोवती वीतभर उंच फळ्यांची चौकट, पोतं टाकायचं तर चौकटीवरून. एका बाईनं पाटी घेऊन डोळे मिटले आणि चालली, चौकटीला नडगी लागताच थांबली. "लागनं व माय!" सगळे टाळ्या पिटायला लागले. माझ्या भाषणाला एवढ्या कधी पडल्या नव्हत्या.

१० मे
कळसाडीचे मगनभाई पाटील मुद्दाम पाहायला आले. मोठं घर, चार साणी, येत्या आठवड्यात खारी. म्हणाले, "चौकटीच्या बाजूनं फट राहणार गुरुजी, पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघराचं तळं होईल." शंका खरी होती. सखू म्हणाली, पाणी ओतून देखा. मगनभाई आमच्या चुलीपाशी उभे राहिले, वरून घागर ओतली. तीन थेंब नेमके त्यांच्या टोपीवर. धनजी पोट धरून हसला. सखूचा चेहरा... तिनं लगेच खारीत भुसा आणि शेण कालवलं, फटीत ठोकून बसवलं.

११ मे
पुन्हा घागर. दुसरी. तिसरी. खाली सौ. ताट घेऊन उभी. ताट कोरडं! ओरडलो मी. मगनभाईंना निरोप धाडला. उत्तर आलं: "पाहू."

१३ मे
कळसाडीहून खबर. उद्या सकाळी मगनभाईंकडे खारी. चौकट एकावरही नाही, चारही साण्यांवर पोती अंथरून तयार. धनजी म्हणतो, "ज्याले चढनं नही त्यानी घर बसो, माले दुसरा भेटतीन."
उद्याच्या टोळीत सखूचंही नाव आहे. विचारलं, काय करणार?
"मी एकली घर बसनू त काय व्हई गुरजी? सगळ्या बसनात, तव्हय काही व्हई."
बाकीच्या काय करतील, तिला ठाऊक नाही. मलाही नाही. पहाटे कळसाडीला निघतो. चार पानी भाषण फाडलं. शिडीपाशी उभा राहून एवढंच सांगणार: चारही साण्यांना चौकट ठोकलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत कुणीही पाटी उचलू नका.